'डूम' : ठरले की ठरवले?

इंग्रजीत 'डूम' असे एक क्रियापद आहे. एखादी योजना 'डूम्ड' आहे असे म्हटले, की ती फसणारच, कितीही धडपड केली तरी तिचे अपयश टळणार नाही, असा अर्थ होतो. मराठीत याला नेमके एकशब्दी क्रियापद नाही. 'अपयश अटळ आहे', 'भवितव्य ठरलेलेच आहे' अशा रचनांवर आपण भागवतो.

या शब्दाचा मूळ अर्थ मात्र विनाश नव्हे. जुन्या इंग्रजीत 'डोम' म्हणजे निवाडा, कायदा. १०८६ मध्ये विल्यम राजाने इंग्लंडमधील जमीनजुमल्याची जी नोंद करविली, त्या दप्तराला लोकांनी पुढे 'डूम्सडे' असे नाव दिले. अखेरच्या निवाड्याप्रमाणेच त्यातील नोंदीवर दाद मागण्याची सोय नव्हती. निवाडा म्हणजे बहुधा शिक्षाच, या अनुभवातून शब्दाला आजची काळी छटा आली. गंमत अशी, की या शब्दाचा मूळ धातू आणि संस्कृतातील 'धा' हा धातू एकाच कुळातले आहेत. 'विधी', 'विधान', 'विधाता' हेही त्याच 'धा'चे. तेव्हा आपले 'विधिलिखित' आणि इंग्रजांचे 'डूम' ही दूरची भावंडेच म्हणायची.

हे क्रियापद बहुधा कर्मणी रूपात येते आणि त्यामुळे निवाडा देणारा दिसेनासा होतो. मराठीत हीच किमया 'ठरणे' करते. 'ठरले' म्हटले की कर्ता पडद्याआड जातो. 'ठरवले' म्हटले की 'कोणी?' हा प्रश्न उभा राहतोच.

बुऱ्हाणपूरच्या वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर येथे निजामाचा पराभव झाला आणि तहात मराठ्यांना जो सुमारे साठ लाखांचा मुलूख मिळाला, त्यात बुऱ्हाणपूर आणि शेजारचा अशीरगडही होता. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत सदाशिवरावभाऊंची फौज परतूरहून उत्तरेस निघाली, ती याच शहरावरून. तापी ओलांडून पुढे हंडियाजवळ तिने नर्मदा गाठली.

या फौजेविषयी आजचे लेखक सहज लिहून जातात, की ती मोहीम आरंभापासूनच फसणार हे ठरलेले होते. ही पश्चातबुद्धी होय. तापी ओलांडणारी फौज नुकतीच जिंकलेली होती. ऑगस्टमध्ये तिने दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा. घात झाला तो त्यानंतर. अब्दालीने बागपतजवळ यमुना उतरून दक्षिणेची वाट अडवली. त्याची रसद तोडण्याची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि उपासमार मराठ्यांच्याच छावणीत शिरली. त्या छावणीत लढणाऱ्यांखेरीज यात्रेकरू आणि बायकामुलेही होती, हे विसरता येत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवामागे अशी एकेक घटना आहे, एकेक निर्णय आहे, आणि निर्णयांना कर्ते असतात. बुऱ्हाणपूरच्या मुक्कामात यांतले काहीच घडलेले नव्हते.

मराठीने या पराभवातून स्वतःचा वाक्प्रचार घडवला : 'पानिपत होणे'. दारुण पराभव हा त्याचा अर्थ. अटळ पराभव नव्हे. आणि झालेही तसेच. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या आणि पुढच्याच जानेवारीत महादजी शिंद्यांच्या साथीने शाह आलम आपल्या राजधानीत परतला. ज्यांचे 'भवितव्य ठरले होते' त्यांनी हे कसे केले, याचे उत्तर त्या सोप्या वाक्यात मिळत नाही.

तेच वाक्य आता येथील मराठीविषयी ऐकू येते. 'नव्या पिढीत ती टिकणार नाही, हे ठरलेलेच आहे.' बोलणारे बहुधा आपलेच असतात, आणि सुरात दुःखही खरे असते. पण कोणी ठरवले? बुऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशाची राजधानी आणि मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. ते खानदेशापासून तुटले, निमाडात गेले, १९५६ च्या पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिले आणि १५ ऑगस्ट २००३ रोजी स्वतंत्र जिल्हा झाले. यातील प्रत्येक पायरीला तहनामा, आदेश वा अधिनियम आहे. शेजारच्या रावेर तालुक्यातील मुलाला शाळेत मराठी आपोआप मिळते आणि इकडच्या मुलासाठी ती मागावी लागते. हा फरक तापीने केलेला नाही.

त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३५०क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, असे तो सांगतो. त्या वाक्यात कर्ता लपवलेला नाही. झटायचे कोणी, हे तेथे स्पष्ट लिहिले आहे : प्रत्येक राज्याने, आणि राज्यातील प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने.