चिचांब्याचे आठ स्वार

रिसोडच्या आमच्या वाड्यातल्या आडाचा गाळ उपसला, की त्यात कधी पितळेचा गडवा निघे, कधी चेपलेली परात. नागपूरला महालातल्या घरी उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर अंथरुणं पडली, की आजी त्याचं कारण सांगायची. "रोहिले आले म्हनून हाकाटी झाली, का बायका भांडेकुंडे आडात टाकत अन् लेकरं घेऊन पऱ्हाटीत लपत." तिने ते आपल्या सासूकडून ऐकलेलं. गोष्टीच्या शेवटी हिंगोलीहून घोडदळ यायचं, त्यात एक गोरा साहेब असायचा. त्याला नाव मात्र नव्हतं.

नाव मला पुढे पुस्तकांत सापडलं. हर्बर्ट मॅकवर्थ क्लॉगस्टन. जन्म 1820, त्रिनिदादमधला. मद्रास फौजेतला हा अधिकारी हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या इंग्रजी हुकमतीखालच्या फौजेच्या, दुसऱ्या रिसाल्यात होता. 1858 च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून मुलताईपर्यंत आले, तेव्हा नागपुरात इंग्रजांची झोप उडाली होती. त्याच धामधुमीत वऱ्हाड आणि निजामाच्या मुलखात रोहिल्यांच्या, म्हणजे लूटमार करणाऱ्या पठाणांच्या, टोळ्या फिरत होत्या. 15 जानेवारी 1859 ला रिसोडजवळच्या चिचांब्यात त्यांच्याशी गाठ पडली. क्लॉगस्टन अवघे आठ स्वार घेऊन बंडवाल्यांवर तुटून पडला, त्याने त्यांना परत गावात रेटलं आणि लूट टाकून द्यायला लावली. तो स्वतः जबर जखमी झाला. आठांपैकी सात स्वार गेले. या पराक्रमाबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

सन्मानपत्रात त्या स्वारांची ओळख एवढीच आहे: आठ माणसं. हे वाचलं तेव्हा मी फार अस्वस्थ झालो. कंटिन्जंटचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं. सरकारने द्यायचा तो पगार. घोडा स्वाराचा स्वतःचा, नाहीतर शिलेदाराचा. म्हणजे त्या दिवशी जीव गेला तो घरातला कर्ता माणूस, आणि बहुधा त्याच्याबरोबर घरातली सर्वांत मोलाची चीजही. हिंदी शिपायांसाठी ऑर्डर ऑफ मेरिट 1837 पासून होता, पण व्हिक्टोरिया क्रॉसचा दरवाजा त्यांना 1911 पर्यंत बंद होता. शिवाय या फौजेचा खर्च आमच्याच माणसांच्या माथी. 1853 च्या करारात निजामाने वऱ्हाड कंपनीकडे सोपवलं ते याच कंटिन्जंटच्या खर्चापोटी. रिसोडच्या कास्तकाराने भरलेल्या साऱ्यावर ते घोडे पोसले जात.

यात क्लॉगस्टनचा काही दोष नाही. तो शूर होता, आणि ते शौर्य त्याला स्वस्तात पडलं नाही. 6 मे 1862 ला हिंगोलीत तो लढताना मारला गेला. मागे लहान मुली उरल्या. एकीला, ब्लांशला, चित्रकार जी. एफ. वॉट्स यांनी सांभाळलं. दुसरी, अ‍ॅडलीन, ही नात्यातल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्याकडे वाढली. कलकत्त्यात जन्मलेल्या या कॅमेरॉनबाई पुढे जगप्रसिद्ध छायाचित्रकार झाल्या. 1872 मध्ये अ‍ॅडलीन वारली, तेव्हा त्यांनी त्या निष्प्राण मुलीचंही छायाचित्र घेतलं. लढाईत मेलेल्या साहेबाच्या लेकीचा चेहरा असा जगापुढे राहिला. त्या सात स्वारांच्या लेकरांना कुणी जवळ केलं, हे कोणत्या दप्तरात शोधायचं?

तो रिसाला अजून पुरता संपलेला नाही. 1903 मध्ये त्याची एकोणतिसावी लान्सर्स झाली, 1921 मध्ये विसाव्या डेक्कन हॉर्सशी ती जोडली गेली, आणि 1965 मध्ये खेमकरणच्या रणात पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर हीच डेक्कन हॉर्स उभी होती. तिच्या जुन्या हजेरीपटांत ती आठ नावं मिळाली, तर चिचांब्याच्या शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावीत, आणि खाली क्लॉगस्टनचंही लिहावं, असं मला मनापासून वाटतं.