हेन्री कोल यांचे एक छायाचित्र

कलकत्त्यात जन्मलेल्या आणि वयाच्या 48 व्या वर्षी मुलीने व जावयाने भेट दिलेला कॅमेरा हाती येताच छायाचित्रणाने झपाटून गेलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरनबाईंनी 1868 च्या सुमारास हेन्री कोल यांचे जे छायाचित्र काढले, ते पाहताना मन एका विसंगतीपाशी थबकते. ज्या पुरुषाने सारी हयात रेखीवपणाचा आणि उपयुक्ततेचा आग्रह धरण्यात वेचली, त्याची प्रतिमा टिपण्यासाठी काच पुढे केली ती रेखीवपणाची मुळीच पर्वा न करणाऱ्या एका स्त्रीने.

कोल हे मूळचे दप्तरातले. 1823 साली, अवघ्या 15 व्या वर्षी, ते सरकारी कागदपत्रांच्या आयोगाकडे कारकून म्हणून लागले. राज्याचे शतकानुशतकांचे अस्सल दस्तऐवज कसे आबाळीत पडले आहेत हे पाहून त्यांनी तक्रारींचा असा काही पाठपुरावा केला, की 1838 च्या कायद्याने जो स्वतंत्र दप्तरखाना स्थापन झाला, त्यात त्यांचाही वाटा होता. पुढे लंडनमधील 1851 च्या महाप्रदर्शनाच्या उभारणीत ते अग्रभागी होते. परंतु त्यांचा पिंड खऱ्या अर्थाने प्रकट झाला तो 1852 मध्ये, मार्लबरो हाउसमधील वस्तुसंग्रहालयात.

तेथे त्यांनी एक दालन केवळ कुरूप वस्तूंसाठी राखून ठेवले. पाहणाऱ्यांनी त्याला ‘भयदालन’ असे नाव दिले. भिंतीवर लावायच्या कागदावर सबंध इमारतीचे देखावे, पायाखाली तुडवायच्या गालिच्यावर टवटवीत फुले, आणि उघडताच मधोमध दुभंगणाऱ्या पक्ष्याच्या आकाराची कात्री! ज्या वस्तूचे काम कापण्याचे, तिने पक्ष्याचे सोंग का घ्यावे, हा कोल यांचा प्रश्न. कारखानदार संतापले आणि दालन लवकरच बंद करावे लागले. डिकन्सनेही 1854 च्या ‘हार्ड टाइम्स’मध्ये गालिच्यावरील फुलांचा निषेध करणारा एक सरकारी अंमलदार रंगविला. मला मात्र कोल यांचा तो हट्ट आदरणीय वाटतो. सामान्य गृहिणीच्या घरातील कपबशीलाही विचार करण्याजोगी मानणारा अधिकारी कोणत्याही काळात दुर्मिळच.

1857 मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे संग्रहालय नव्या जागी आले, तेव्हा दिवसभर राबणाऱ्या कामकऱ्यांनाही ते पाहता यावे म्हणून संध्याकाळी गॅसचे दिवे लावण्याची व्यवस्था कोल यांनी केली. उत्तम कलाकृती सर्वांसमोर येत नसेल, तर तिची नक्कल तरी यावी, ही त्यांची दृढ श्रद्धा. त्यापायीच त्यांनी संग्रहालयात छायाचित्रणाचे खाते उघडले होते. याच संस्थेच्या छत्राखाली घडलेले चित्रकार जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले आणि 1872 पासून 1885 पर्यंत विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत राहिले. त्यांतल्या कित्येक साउथ केन्सिंग्टनला पाठविण्यात आल्या आणि तेथेच 1885 च्या आगीत भस्मसात झाल्या, याची खंत कोणत्याही मराठी मनाला वाटल्यावाचून राहणार नाही.

संग्रहालयाच्या खात्यातील छायाचित्रे म्हणजे वस्तूची यथातथ्य नोंद. कॅमेरनबाईंची पद्धत अगदी निराळी. काचेवर कलोडियन हा चिकट द्रव पसरून, ती रुप्याच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवावयाची, आणि समोरच्याने कित्येक क्षण श्वास आवरून निश्चल राहावयाचे. तेवढ्यात मान किंचित हलली, तर बाईंना ती हालचालही मान्य असे. अनेक समकालीन छायाचित्रकार त्यांच्या अस्पष्टतेला दोषच मानीत. कोल यांनी मात्र 1865 मध्येच त्यांची छायाचित्रे संग्रहालयासाठी विकत घेतली आणि 1868 मध्ये संग्रहालयातल्या दोन खोल्या त्यांना छायाचित्रणासाठी वापरावयास दिल्या. आणि ज्याने दुसऱ्यांच्या कपबशा पारखल्या, तो स्वतः त्या बाईंच्या भिंगासमोर, दप्तरातल्या कागदासारखा स्तब्ध होऊन, बसला.