ब्रूडरमधल्या पिल्लांना माती आणि गवत कधी द्यावे? आधी वाळू, मग ठोंब, शेवटी अंगण

ब्रूडरमध्ये महिनाभर टुणटुणीत असलेली पिल्ले अंगणात सोडली की आठ-दहा दिवसांत पंख पाडून बसतात, विष्ठेत रक्त दिसते आणि रोज दोन-चार दगावतात. गिरिराज, वनराजा, ग्रामप्रिया किंवा गावरान, कोणतीही जात असो, परसातल्या कोंबडीपालनात हे नुकसान नेहमीचे आहे. खाद्य आणि औषधावर खर्च झालेला असतो आणि पिल्ले जातात ती ऐन वाढीच्या वयात.

यामागे बहुतेक वेळा कॉक्सिडिया, म्हणजे रक्ती हगवणीचे जंतू असतात. ते मातीत आणि विष्ठेत महिनोन्महिने टिकतात. पिल्लाच्या पोटात थोडे थोडे गेले तर त्याच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार होते. एकदम भरपूर गेले तर आतडी फुटतात. म्हणून मातीची ओळख ब्रूडरमध्येच, थोडी-थोडी आणि कोरड्या जागेत करून द्यायची असते.

खुडूक कोंबडी काय करते?

खुडूक कोंबडी दोन-तीन दिवसांची पिल्ले घेऊन बाहेर पडते. माती उकरते, पिल्ले बारीक खडे, किडे, गवताचे शेंडे टिपतात आणि थोड्या वेळाने परत पंखाखाली शिरतात. मशीनवर उबवलेल्या पिल्लांना आई नसते. त्यांना तूस, भरडा आणि बल्ब एवढेच माहीत असते. आईचे हे काम पाळणाऱ्याला करावे लागते.

पहिले तीन दिवस: माती नाही, गवतही नाही

या दिवसांत ऊब, पाणी आणि खाद्य एवढेच सांभाळावे. तुसावर कागद अंथरावा, नाहीतर पिल्ले तूसच खात बसतात. पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा, त्यानंतर चिक स्टार्टर.

ब्रूडरचे तापमान पहिल्या आठवड्यात 95 अंश फॅरनहाइट ठेवावे आणि दर आठवड्याला 5 अंशांनी कमी करावे. एलईडी बल्बने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. त्यासाठी जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब किंवा हीटर लागतो. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते, कडेला पळाली तर उकडते, सगळीकडे पसरली तर ऊब बरोबर आहे.

चौथ्या दिवसापासून: वाळू

गवत देण्याआधी वाळू द्यावी. कोंबडीला दात नसतात. पोटातल्या पेट्यात बारीक खडे असतील तरच गवत आणि दाणे दळले जातात. नुसत्या भरड्यावर असलेल्या पिल्लाला खडे लागत नाहीत, पण गवत सुरू केले की लागतातच.

नदीची जाडसर वाळू धुवून, वाळवून, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान खडे राहतील अशी चाळून घ्यावी. एका ताटलीत वेगळी ठेवावी. खाद्यात मिसळू नये, पिल्ले हवी तेवढी टिपतात.

सहाव्या-सातव्या दिवसापासून: गवताचा ठोंब

मुळांना माती धरलेला हरळीचा लहान ठोंब उपटून जुन्या घमेल्यात ठेवावा. मुळे मातीत घट्ट असल्याने पिल्ले शेंडे तोडून खातात, लांब काडी गिळत नाहीत. मातीही उकरायला मिळते. पहिल्या दिवशी अर्धा तास ठेवून काढून घ्यावा, मग हळूहळू वेळ वाढवावा. सुकलेला ठोंब आत ठेवू नये.

ठोंब निवडताना:

- जिथे वर्षभर कोंबड्या फिरलेल्या नाहीत अशी जागा बघावी. उकिरडा आणि खुराड्याजवळची माती टाळावी.
- तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या बांधावरचे गवत आणू नये.
- घाणेरी, धोतरा, कण्हेर, गाजर गवत यांचा पालाही त्यात येऊ देऊ नये.
- ठोंब ओला असेल तर पाणी निथळून, थोडा वेळ सावलीत ठेवून मग द्यावा.

लसूण घास, शेवग्याचा कोवळा पाला, कोथिंबीर चालते, पण बारीक चिरून. हिरवा चारा एकूण खाद्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, नाहीतर पोट भरते आणि वाढ खुंटते. जुडी दोरीने पिल्लांच्या डोक्याच्या उंचीला टांगली तर त्यांना उद्योग मिळतो आणि एकमेकांना टोचणेही कमी होते.

तिसरा आठवडा: अंगणातली माती

पिल्ले पुढे ज्या अंगणात फिरणार, तिथलीच कोरडी माती आता ओंजळभर घमेल्यात टाकावी. त्या जागेच्या जंतूंची ओळख अशी थोडक्यात होते. मात्र मागच्या बॅचला त्याच जागेवर रक्ती हगवण लागली असेल किंवा पिल्ले मेली असतील तर ती माती आणू नये. त्या वेळी पिल्ले दुसऱ्या जागेत सोडावीत.

तूस कोरडे नसेल तर सगळे फुकट

विष्ठेतून पडलेले जंतू ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग द्यायला तयार होतात. म्हणजे घमेल्यातली माती थोडी असली तरी ओल्या तुसात तेच जंतू कित्येक पटींनी वाढतात. तूस मुठीत दाबून बघावे. मूठ उघडल्यावर मोकळे झाले तर ठीक, लाडू झाला तर बदलायची वेळ झाली. पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे, तूस रोज हलवावे. पावसाळ्यात याकडे दुप्पट लक्ष हवे.

ही लक्षणे दिसली तर

विष्ठेत रक्त, पिसे फुलवून डोळे मिटून बसणे, दाणा सोडणे: अशा पिल्लांना लगेच वेगळे करावे, माती-गवत बंद करावे, तूस बदलावे. रक्ती हगवणीवर अँप्रोलियम हे औषध पाण्यातून देतात, पण मात्रा पशुवैद्यकाला विचारूनच. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे.

सकाळी दाणा देण्याआधी गळ्याखालची पिशवी चाचपून बघावी. ती रिकामी असायला हवी. घट्ट लागली तर लांब गवत अडकले आहे असे समजावे.

लस चुकवू नका

माती-गवताने लसीचे काम होत नाही. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी आणि गंबोरोची साधारण चौदाव्या दिवशी द्यायची असते. लसीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नवे काही सुरू करू नये.

अंगणात कधी सोडायचे?

तीन आठवड्यांनंतर ऊन पडल्यावर डालग्याखाली किंवा जाळीत तासभर बाहेर ठेवता येते. पूर्ण मोकळे सोडायचे ते पाच-सहा आठवड्यांनी, अंगावर पुरती पिसे आल्यावर. तेव्हाही पहिले काही दिवस घार, मुंगूस आणि मांजरावर नजर ठेवावी. पाऊस लागून राहिला असेल तर आणखी आठवडाभर थांबलेले बरे.