भाषाशिक्षकांचा पुराव्याधिष्ठित व्यावसायिक विकास

संशोधनाचे निष्कर्ष, आपल्याच वर्गातल्या मुलांच्या वाचन-लेखनाच्या नोंदी आणि सहकाऱ्यांचा अनुभव एकमेकांशी ताडून पाहत भाषाशिक्षकाने आपल्या अध्यापनात सतत केलेली सुधारणा. प्रशिक्षणाचे दिवस हजेरीपटावर मोजता येतात. या विकासाचे मोजमाप मात्र मुलांच्या वाचनातच करावे लागते. प्रस्तुत नोंदीत वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्याच्या संदर्भात हा विषय मांडला आहे.

बिरबलनाथांचे मंदिर आणि हयात कलंदरांचा दर्गा यांसाठी मंगरूळपीर ओळखले जाते. या परिसरात घरोघरी वऱ्हाडी बोलली जाते, बंजारा तांड्यांवर गोरमाटी, तर मुस्लिम वस्तीत उर्दू. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. महाराष्ट्रातले इतर तीन जिल्हे म्हणजे नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद. या योजनेच्या गुणांकनात शिक्षणाला ३० टक्के भार आहे. म्हणजे इथल्या वर्गातले वाचन दिल्लीपर्यंत मोजले जाते. प्रश्न आहे तो त्या मोजणीचा शिक्षकाला उपयोग काय, हा.

यंत्रणा तशी पूर्ण आहे. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था म्हणजे ‘डाएट’, तालुक्याचे गटसाधन केंद्र, त्यातले विषयतज्ज्ञ, आणि सर्वांत खाली केंद्रप्रमुख व केंद्राची शिक्षण परिषद. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ प्रशिक्षण सुरू झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. तास ठरले. त्या तासांत काय घडावे, याचे उत्तर संशोधनातूनच शोधावे लागते.

या बाबतीत दक्षिण आफ्रिकेतला एक प्रयोग वऱ्हाडातल्या कोणत्याही शिक्षकाला ओळखीचा वाटेल. तिथल्या नॉर्थ वेस्ट प्रांतात सेत्स्वाना भाषेचे प्रारंभिक वाचन शिकवणाऱ्या शिक्षकांचे दोन गट केले गेले. पाठयोजना आणि वाचनसाहित्य दोन्ही गटांना सारखेच मिळाले. एका गटाला मध्यवर्ती ठिकाणी निवासी प्रशिक्षण दिले, तर दुसऱ्या गटाच्या वर्गात मार्गदर्शक नियमितपणे जाऊन बसत आणि पाठ पाहून शिक्षकाशी बोलत. दोन वर्षांनी मुलांचे वाचन तपासले तेव्हा वर्गभेटींचा परिणाम प्रशिक्षणाच्या जवळपास दुप्पट निघाला. वर्गभेटींना खर्च अधिक लागतो, हेही खरे. पण त्याच धड्यांचा नि त्याच पुस्तकांचा इतका वेगळा परिणाम होत असेल, तर प्रशिक्षणानंतर शिक्षकाला एकटे सोडणे महागात पडते.

मराठीपुरता पुरावाही उपलब्ध आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही. पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे पहिली ते तिसरीच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास झाला. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखालच्या या अभ्यासाचा अहवाल २०१७ मध्ये आला. अक्षरे गिरवणे, बाराखडी म्हणणे, फळ्यावरचे उतरवणे यांत वेळ जातो, अर्थाकडे फार कमी लक्ष दिले जाते आणि तिसरी संपतानाही अनेक मुले अडखळतात, असे चित्र त्यातून दिसले. वाड्यातच काम करणाऱ्या, नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ संस्थेने शिक्षकांसोबत घडवलेले उपक्रम याच प्रश्नाला भिडतात. त्याआधी फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत मोजकी अक्षरे आणि मोजक्या मात्रा एकत्र देण्याची पद्धत रुजवली होती. त्यामुळे मूल पहिल्या काही धड्यांतच अर्थाचे शब्द वाचू लागते.

२०१५ मध्ये राज्य शासनाचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, तेव्हा सातारा जिल्ह्यातले कुमठे बीट पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. शिक्षकाने शिक्षकाचा वर्ग पाहणे ही त्या काळातली सर्वांत मोलाची गोष्ट होती. परतल्यावर तिथे पाहिल्याप्रमाणे अनेक शाळांच्या फरशा वाचनाच्या सरावासाठी रंगल्या. त्या रंगलेल्या फरशीवर मूल काय वाचते, याचा पाठपुरावा मात्र सगळीकडे सारखा झाला नाही. इंग्रजीच्या प्राथमिक शिक्षकांसाठी ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य शासन यांनी चालवलेल्या ‘तेजस’ प्रकल्पाने जवळपासच्या शिक्षकांचे छोटे गट बांधून नियमित भेटींवर भर दिला. ही घडण मराठी आणि उर्दूच्या शिक्षकांनाही लागू पडावी.

मंगरूळपीरमध्ये स्थानिक पुराव्याचे महत्त्व अधिक आहे. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘य’ येतो. मुलाने ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा वाचून स्वतःच्या डोळ्याला बोट लावले, तर त्याचे वाचन बरोबर आहे. त्याला ‘चुकले’ म्हणणारी नोंद त्या मुलाविषयी खोटी माहिती देते. ‘मला’ ऐवजी ‘मले’ वाचणाऱ्याचेही तेच. तांड्यावरच्या मुलाचा अडथळा लिपीचा नसून शब्द ओळखीचे नसण्याचा असू शकतो, म्हणून आधी गोरमाटीत गोष्ट आणि मग मराठीत वाचन असा क्रम त्याला उपयोगी पडतो. उर्दूत अक्षरांची रूपे शब्दातल्या जागेनुसार बदलतात आणि ऱ्हस्व स्वरांच्या खुणा बहुधा लिहिल्या जात नाहीत. देवनागरीसाठी बनवलेले प्रशिक्षण तिथे भाषांतरित करून चालत नाही.

शिक्षकांची मोठी अडचण वेळेची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे मान्य केली आहेत, पण ऑनलाइन माहिती भरण्यात दिवसाचा लचका तुटतो. म्हणून नवे तास मागण्यापेक्षा असलेल्या शिक्षण परिषदेचे रूप बदलणे व्यवहार्य ठरेल. केंद्रप्रमुखांनी परिपत्रकांचे वाचन थोडक्यात आटोपावे. प्रत्येक शिक्षकाने अडखळणाऱ्या दोन मुलांच्या वह्या आणि त्यांच्या वाचनाचे मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण आणावे, सर्वांनी मिळून त्यातली अडचण ओळखावी, एक उपाय ठरवावा आणि पुढच्या परिषदेत त्याच दोन मुलांचे वाचन पुन्हा ऐकावे. केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने पायाभूत साक्षरतेसाठी २०२६-२७ ही मुदत ठेवली आहे. २०२४ मध्ये पहिलीत आलेली मुले त्याच वर्षी तिसरी पूर्ण करतात.