फांजीवर जाण्याची वाट

तटाच्या माथ्यावर, चर्यांच्या आडोशाने, पहारेकऱ्याला फिरण्यासाठी जी वाट ठेवलेली असते तिला आपल्याकडे फांजी म्हणतात. या फांजीवर सामान्य नागरिकाला पाय ठेवण्याचा अधिकार नव्हता. तटाचे दगड त्याने वाहिले, खर्चही कराच्या रूपाने त्यानेच भरला. पण दिवेलागणीला वेशी बंद झाल्या की तो आत कोंडला जाई आणि वर शिबंदी फिरे. तेव्हा नगराचा तट लोकांना खुला कसा झाला हे पाहू लागलो, म्हणजे नगर कोणाच्या मालकीचे झाले याचाही थोडाबहुत उलगडा होतो.

तोफा सुधारल्या आणि तट निरुपयोगी ठरले. पुढे गावोगाव एकच प्रश्न आला: पाडावे की ठेवावे? मुंबईने पाडले. सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, म्हणजे 1862 ते 1867 या काळात, कोटाच्या भिंती जमीनदोस्त झाल्या. ज्या चर्चगेटचे नाव आपण दिवसातून दहादा घेतो ते गेट आजच्या स्टेशनापाशी नव्हतेच. ते होते फ्लोरा फाउंटनच्या जागी. यासाठी आम्ही मुंबईला दोष देणार नाही. कापसाच्या तेजीने शहर फुगले होते, कोटाच्या आत हवा खेळत नव्हती, आणि तट गेला म्हणूनच विद्यापीठ व हायकोर्ट यांच्या इमारतींना ती ऐसपैस रांग लाभली. जे गेले ते कशासाठी गेले, हे तिथे डोळ्यांना दिसते तरी.

उत्तर इंग्लंडातल्या यॉर्क गावची गोष्ट निराळी. इ.स. 71 मध्ये रोमन पलटणीने इथे ठाणे वसवले. मध्ययुगात त्या पायावर आणि पुढे मातीच्या उंच बांधावर दगडी तट चढला. तो सुमारे साडेतीन किलोमीटर भरतो. 1800 च्या सुमारास तिथल्या नगरपालिकेने हा तट पाडण्याचा घाट घातला. कारणे आपल्या ओळखीचीच होती: डागडुजीला पैसा नाही, वेशी अरुंद, गाड्या अडकतात. विरोध झाला आणि तो बेत एकदम तडीस गेला नाही. पण जे एका घावात जमत नाही ते कार्यालयांना हप्त्याहप्त्याने जमते. दरवाजांपुढे ज्या जिभ्या होत्या, शत्रूला अडवून वरून मारा करण्यासाठी बांधलेल्या, त्यांतल्या तीन 1820 ते 1835 या काळात पाडण्यात आल्या. आज वॉमगेट दरवाजाची तेवढी एक जिभी उभी आहे.

या वेळी जे लोक पुढे आले त्यांत विल्यम एटी हा चित्रकार होता. यॉर्कच्याच एका भट्टीवाल्याचा हा मुलगा. लंडनच्या रॉयल अकादमीत त्याने नाव कमावले, पण गावच्या दगडांचा लोभ सुटला नाही. त्याने पत्रे लिहिली, सभांतून बाजू मांडली. त्याच्यासारख्यांच्या खटपटीने वारे फिरले, आणि 1830 नंतर लोकांनी वर्गणी काढून तटाचा भाग दुरुस्त करून त्यावर फिरण्याची वाट तयार केली. वर्गणी ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. ज्याने चार शिलिंग दिले त्याला तट आपला वाटतो. त्याला 'आत येऊ नये' अशी पाटी दाखवता येत नाही.

1839 नंतर आगगाडी आली, तेव्हा स्टेशन तटाच्या आत हवे असा हट्ट धरला गेला. रूळ आत नेण्यासाठी तटाला कमान पाडली, पण वरची वाट तुटू दिली नाही. खालून गाडी आणि वरून माणूस! पुढे टप्प्याटप्प्याने वाट वाढत गेली. माँक आणि बूथम या दोन दरवाजांमधला तुकडा 1880 च्या दशकात खुला झाला. आज यॉर्कला जिच्यावरून लोक चालतात ती फांजी बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकात रुंद केलेली आहे. शुद्ध इतिहासाचे कैवारी यावर नाक मुरडतात. मुरडोत बापडे. ती रुंद केली नसती तर तटावर गवत आणि शेळ्या यांखेरीज कोणी चढले नसते.

मात्र यॉर्कचा तट अजून सर्वांचा झालेला नाही. वर जाण्यासाठी दरवाजांतले चिंचोळे, उभे जिने आहेत. आतल्या अंगाला पुष्कळ ठिकाणी कठडा नाही. गुडघ्यांनी जबाब दिलेला म्हातारा, मूल कडेवर घेतलेली आई, चाकाच्या खुर्चीतला माणूस यांनी खालूनच मान वर करायची. इथे इटलीतले लुक्का गाव आठवते. त्याचा आजचा तट सोळाव्या शतकाच्या आरंभापासून दीडशे वर्षे बांधला जात होता. घेर चार किलोमीटरांहून थोडा अधिक, बुरूज अकरा. तोफांच्या काळातला असल्यामुळे तो मातीने भरलेला, रुंद आणि बसका आहे. त्यावर शत्रू कधी चालून आला नाही. चालून आली ती 1812 साली सेर्किओ नदी. तेव्हा वेशी बंद करून लोकांनी पूर बाहेर थोपवला. पुढे मारिया लुइझा या डचेसच्या काळात तटाचे उद्यान झाले, आणि 1866 मध्ये नगरपालिकेने तो इटलीच्या सरकारकडून विकतच घेतला.

लुक्काची गंमत अशी की तोफगाडे वर ओढून न्यायला जे उतार केले होते त्यांवरूनच आज सायकली आणि बाबागाड्या वर जातात. जो तट धनुर्धाऱ्यासाठी बांधला तो पांगळ्याला बंद, आणि जो तोफेसाठी बांधला तो पांगळ्याला खुला! यॉर्कसारख्या ठिकाणी काय करावे? आमच्या मते साडेतीन किलोमीटर कठडा ठोकून तट विद्रूप करू नये. पण मातीचा बांध जिथे आधीच उंच आहे अशी एक जागा निवडून तिथे सौम्य चढण बांधावी आणि पुढचा एक तुकडा तरी निर्धोक करावा. अर्धा फर्लांग का होईना, पण वरून.

आपल्याकडे औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, औरंगजेबाने 1682 च्या सुमारास तट घातला. आज त्याचा बहुतेक भाग नाहीसा झाला आहे. भडकल, मकाई, दिल्ली असे दरवाजे उरले आहेत. भोवती भिंत नाही, त्यामुळे दरवाजा दिसतो तो वाहनाच्या खिडकीतून, क्षणभर. ज्या कमानीखालून अजून वाहने जातात तिथे रस्ता बगलेने काढून कमान पायी जाणाऱ्यांना राखली, आणि जिथे तटाचा तुकडा उरला आहे तिथवर एक पायवाट नेली, तर निदान थांबून पाहण्याची सोय होईल. खर्च फार नाही, वर्गणीतूनही भागेल.