बॉयकॉट

क्रियापदाच्या पदवीस चढण्याचे भाग्य फार थोड्या आडनावांना लाभते. कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट याला ते हयातीतच, आणि तेही अवघ्या काही आठवड्यांत, लाभले. आयर्लंडातील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा मुखत्यार असलेल्या या गृहस्थाने १८८० साली कुळांना बेदखलीच्या नोटिसा धाडल्या, तेव्हा आयरिश पुढारी पार्नेल याने त्याच सप्टेंबरात एनिसच्या सभेत सुचविलेला उपाय रयतेने त्याच्यावर चालविला: मजुरांनी शेत सोडले, दुकानदारांनी जिन्नस देणे थांबविले, लोहार व परटीण फिरकेनाशी झाली, टपालही पोचेना. अखेर पन्नास उपरे मजूर आणि त्यांच्या बंदोबस्तास सुमारे हजार शिपाई आणवून पाचशेएक पौंडांचे पीक काढण्यात आले. खर्च मात्र दहा हजारांच्या घरात गेला. (कोणाही फडणिसाचे डोके उठावे असा हा हिशेब!)

‘ऑस्ट्रसाइज’ हा ग्रीक वळणाचा शब्द कुळांच्या जिभेस पेलणार नाही, म्हणून तेथील धर्मगुरू फादर ओमॅली यांनी या उपायास हे आडनावच योजिले, असे रेडपाथ या पत्रकाराने नमूद केले आहे. फ्रेंच व जर्मन भाषांनीही तो शब्द तत्परतेने उचलला.

आपला ‘बहिष्कार’ त्याहून कितीतरी जुना, परंतु त्याची धार बहुधा जातपंचायतीच्या हाती असे व ती एकट्यादुकट्या दुर्बळावर चाले. बलिष्ठालाच वाळीत टाकण्याचा हा आयरिश अर्थ मराठीत रुजला तो १९०५ च्या वंगभंगानंतर, टिळकांच्या चतुःसूत्रीतून.