सिंफनी : षड्जाचा प्रवास

सिंफनीचे नाव काढले की आपल्याकडील तरुण श्रोता अंग चोरतो. हे साहेबी संगीत. त्यात ना शब्द, ना ठेका धरायला तबला. ते आपल्याला काय कळणार, अशी त्याची समजूत असते. परंतु सावर्ड्याच्या देवळात भजनाला बसून ज्याचा कान षड्जाशी जुळला आहे, त्याला सिंफनी परकी वाटण्याचे कारण नाही, असे आम्हांस वाटते.

आपल्या गायनात तंबोरा एकदा लागला की बहुधा मैफल संपेपर्यंत षड्ज हलत नाही. सिंफनीत तो हलतो. पहिल्या भागात रचनाकार मूळ षड्जावर एक स्वरवाक्य मांडतो. मग षड्ज बदलून, पुष्कळदा मूळ पंचमालाच षड्ज मानून, दुसरे मांडतो. पुढे ही वाक्ये मोडतात, परक्या षड्जांवर भटकतात आणि ऐकणारा अस्वस्थ होतो. अखेर मूळ षड्ज परत येतो व दोन्ही वाक्ये एकाच घरात नांदू लागतात. असे साधारणतः चार भाग असतात : पहिला जलद, दुसरा विलंबित, तिसरा नृत्याच्या तीन मात्रांचा आणि चौथा पुन्हा द्रुत.

हा घाट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्का झाला. त्याचे मोठे श्रेय शंभरावर सिंफन्या रचणाऱ्या जोसेफ हायडनकडे (१७३२–१८०९) जाते. तो हंगेरीतील एस्टरहाझी सरदारांचा नोकर होता. १७७२ साली सरदार निकोलाउसचा मुक्काम खेड्यातील महालात लांबला. बहुतेक वादकांची बायकामुले दूर आयझेनस्टाट गावी राहिलेली. नोकराने धन्याकडे रजा मागावी कशी? हायडनने अर्ज स्वरांत लिहिला. त्या सिंफनीच्या अखेरच्या भागात द्रुत लय एकाएकी थांबते आणि संथ वादन सुरू होते. ज्याचे काम संपेल तो वादक आपली मेणबत्ती विझवून निघून जातो. ओबो गेला, हॉर्न गेला, चेलो गेला. शेवटी उरतात फक्त दोन व्हायोलिने. सरदार काय ते समजला आणि दुसऱ्याच दिवशी मुक्काम हलला, असे सांगतात.

मुंबईच्या गिरणीत राबून शिमग्याच्या रजेची वाट पाहणारा चाकरमानी ज्या कोकणाने पाहिला, त्या कोकणाला हा अर्ज समजावून सांगावा लागत नाही. स्वररचनाही तेच सांगते : आरंभीचा कोमल गंधार शेवटी शुद्ध होतो, षड्ज मात्र तोच.

हे संगीत आपल्या अंगणातही वाजले आहे. मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभा केला. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय वादकांचा वाद्यवृंद जमवून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. आणि गोव्याच्या वादकांनी चित्रपटगीतांमागे वाजविलेली व्हायोलिने तर आपण घरोघर ऐकलीच आहेत.

तरुण मित्रांनी प्रथम एवढेच करावे : पहिले स्वरवाक्य ध्यानात ठेवावे आणि ते कोठे हरवते, कोठे परतते याचा माग काढावा. दुसऱ्या खेपेस दुसऱ्या वाक्याचा काढावा. वाद्यांची नावे, परिभाषा आणि इतिहास मागाहून आपोआप येतील.